खालची डिस्क

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ठकीताईने जे सांगितलं आणि शेवटी मी स्वतः जे पाहिलं, तेवढंच लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही.

आणि हो, काळोखी रात्र, सुनसान रस्ता असलं काही यात नाही. भर दुपारी घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मागच्या छोट्या खोलीत. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

ठकीताई म्हणजे माझी मावसबहीण. लहानपणी एवढीशी होती म्हणून ठकी. पुढे चांगली उंच झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती नोकरी करते. मशीन बंद पडलं की सगळे तिच्याच नावाने ओरडतात.

भाऊजींचं हे दुसरं लग्न. पहिली आजारपणात गेली. ताईला हे आधीच माहीत होतं, सगळं मान्य करून तिने होकार दिला. माणूस साधा, शांत, जीव लावणारा. नाव ठेवायला जागा नाही.

पण मी सांगतो, जिवंत सवत परवडली, मेलेली नको. जिवंत सवतीशी कडाकडा भांडता तरी येतं. मेलेली म्हातारी होत नाही, चिडत नाही, तिच्या हातून कधी दूध उतू जात नाही. तिला नावं ठेवली तर आपणच वाईट.

मागच्या खोलीतला गेमिंगचा पीसी त्या पहिलीचा होता. एकेक भाग निवडून तिने स्वतः जोडलेला. ती खेळायची आणि भाऊजी शेजारी स्टूल टाकून बसायचे. आता ते रोज ऑफिसातून आले की त्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. ताई बाहेर चहाचा कप धरून उभी.

ते धड खेळायचेही नाहीत. आतून नुसता आवाज यायचा...

कट्... कट्... कट्...

जुन्या हार्ड डिस्कचा. मरायला टेकली की ती अशीच कण्हते.

मशीन फारच रखडायला लागलं. गेम उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. शेवटी भाऊजीच म्हणाले, बघ जरा, तुझ्या हाताला यश आहे. ताई खूश. आणि मग ते दारात थांबून वळले.

"सगळं कर. फक्त खालच्या डिस्कला हात लावू नकोस."

आवाज चढवला नाही, काही नाही. पण ताईच्या डोक्यात तिडीक गेली. घर माझं, नवरा माझा, आणि हात कुठे लावायचा हे मेलेली बाई ठरवणार?

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली.

ताईच्या लॅबमध्ये एक शिस्त आहे. काहीही पुसण्याआधी त्याची कॉपी करायची, कॉपी उघडून बघायची, मगच मूळ पुसायचं. या शिस्तीपायी तिने भल्याभल्यांना फैलावर घेतलंय.

भाऊजी ऑफिसला गेल्यावर तिने पीसीच्या केबल काढल्या, हेडफोन टेबलावर ठेवला आणि बाजूचं झाकण उघडलं. आत धुळीचे बोळे. वर नवी पातळ डिस्क, भाऊजींनी मागे आणलेली. मध्ये गेमची मोठी. आणि तळाशी ती... जाड, जड, कडा खरचटलेली.

ताईने बोट लावलं. कोमट होती.

मशीन कालपासून बंद होतं.

तिने मनावर घेतलं नाही. खालच्या डिस्कची केबल ओढून काढली, वीज आणि स्क्रीनच्या तेवढ्या परत लावल्या आणि मशीन चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि स्क्रीन काळीच राहिली.

यात भुताटकी नाही, हे ताईनेच मला समजावलं. भाऊजींनी नवी डिस्क बसवली तेव्हा जुनी काढलीच नव्हती. दोन्ही जोडलेल्या असताना सिस्टीम टाकली की कधी कधी मशीनला जागं करणारा एक छोटासा तुकडा जुन्या डिस्कवरच राहतो. बाकी सगळा संसार नवीवर. मग जुनी काढली की मशीन उठतच नाही. घरच्या घरी पीसी जोडणाऱ्यांची ही नेहमीची चूक.

पण कारण कळलं म्हणून जळायचं थांबतं का? ताई त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली. सगळं नवं आणलं, तरी सुरू व्हायला तीच लागते. माझंही या घरात हेच झालंय, असं तिला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

तिने पदर खोचला. जुनी बाजूला ठेवून फक्त नवीवर सिस्टीम पुन्हा टाकली. मोठ्या डिस्कवर गेम नीट लावून घेतले, नको त्याचा कचरा काढला. मशीन कसं चटकन उठलं!

इथे थांबली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

तिने जुनी डिस्क परत जोडली. नुसतं बघायचं होतं, म्हणते. कशाला बघायचं होतं ते तिचं तिला ठाऊक.

आत पहिलीचे फोटो होते आणि खेळतानाची रेकॉर्डिंग. ताईने त्यातलं एक उघडलं. स्क्रीनवर डोंगरातून एक सैनिक धावत होता, आणि स्पीकरमधून याच खोलीतले आवाज. बाई हळूच म्हणाली, "साहेब, गुडघे सांभाळा." सैनिक कड्यावरून धपकन पडला. आणि भाऊजी हसले.

असे हसले की ठसका लागला. श्वास पुरेना. अगं बास, पोट दुखलं, असं कसंबसं म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले.

ताईने ते हसणं कधी ऐकलंच नव्हतं. तिच्यासमोर ते हसायचे ते पाहुण्यांसमोर हसावं तसं. तिच्या अंगाचा भडका उडाला. गेल्यावरही सगळं चांगलं हिनेच नेलं आणि मला उरलंसुरलं, असं तिला झालं.

नुसतं डिलीट केलेलं परत आणता येतं. ताईला ते नको होतं. तिने डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं लिहीत जाणारा प्रोग्रॅम लावला. मागमूस राहता कामा नये.

आणि कॉपी?

नाही केली. आयुष्यात पहिल्यांदा.

कट्... कट्... कट्...

आवाज वाढत गेला. टेबल थरथरायला लागलं. मग ताईच्या लक्षात आलं की खालचे हॉर्न ऐकू येत नाहीत. शेजारचा टीव्ही नाही. पंख्याची घरघर नाही. फक्त कट् कट्... आणि मग तेही थांबलं.

स्क्रीनवर आलं, काम पूर्ण झालं.

आणि टेबलावरच्या हेडफोनमधून... अगदी बारीक... एक आवाज आला.

"आलास?"

ताई जागच्या जागी थिजली. हेडफोनची वायर मशीनला लावलेलीच नव्हती. तिच्या हाताशी मोकळी लोंबत होती.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात भाऊजी होते. लवकर सुटले होते. ताईला वाटलं, लपवण्यात अर्थ नाही, काय व्हायचं ते आत्ताच होऊ दे. तिने तिथेच सांगून टाकलं की खालची डिस्क पुसली.

भाऊजी वाकून बूट काढत होते. त्यांनी मान वर केली.

"कुठली डिस्क?"

मग बरं केलंस म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

ताईला वाटलं, राग गिळतायत. आज ना उद्या फुटेल. पण दिवस गेले, काहीच फुटलं नाही. भाऊजी त्या खोलीकडे फिरकेनात. संध्याकाळी हॉलमध्ये ताईच्या शेजारी बसायला लागले. ताईच्या मनात उकळ्या फुटत होत्या. तिने मला फोन करून सांगितलं, हे आता खरे माझे झाले.

मग एक दिवस नणंद आली. बसल्या बसल्या म्हणाली, दादा, आज तिचा वाढदिवस ना रे.

"कुणाचा?" भाऊजींनी विचारलं.

नणंदेला वाटलं, नव्या बायकोसमोर नाटक करतोय. तिने मोबाईलवर पहिलीचा फोटो काढून पुढे धरला. भाऊजींनी चष्मा वर करून नीट पाहिला. चेहरा ओळखीचा वाटतो, म्हणाले, तुझ्या ऑफिसातली का?

चेष्टा नव्हती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

नणंद उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. माझ्या भावाचं काय केलंत वहिनी, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ताईने तिला जवळ घेतलं. आणि तोंडून आपोआप निघालं...

"रडू नकोस गं. त्या मुलाला भेटायला पळताना जिन्यात पडलीस तेव्हाही अशीच रडली होतीस. आईंना सांगितलं ना आपण, सायकलवरून पडली म्हणून?"

नणंदेचं रडणं तोडल्यासारखं थांबलं. ती हळूहळू मागे सरकली. चेहरा पांढराफटक.

"हे फक्त तिला माहीत होतं."

ती चप्पल घालून निघून गेली, ती पुन्हा त्या घरात आलेली नाही.

तेव्हापासून ताईला आठवायला लागलं. ती कधीच न गेलेल्या हॉस्पिटलची खिडकी, तिथून दिसणारं पाण्याचं टाकं. हातातल्या सुईची कळ. तो पीसी जोडताना बोटाला लागलेला पत्रा. लग्नाआधी भाऊजींनी पावसात पाहिलेली वाट... सगळं. आतून आठवतं, म्हणते. सांगोवांगीसारखं नाही.

घाबरून तिने ती डिस्क लॅबमध्ये नेली. होते नव्हते ते सगळे उपाय केले. डिस्क कोरी होती.

एकदा भाऊजी जेवताना तिने मुद्दाम म्हणून पाहिलं, साहेब, गुडघे सांभाळा. अगदी त्याच सुरात. भाऊजींनी वर बघितलं, पाहुण्यांसमोर हसतात तसं हसले, आणि भात पुढे ओढला. ताई सांगत होती, जीव इतका तुटला, इतका तुटला, हा मला विसरलाच.

मला, म्हणाली. आणि भाऊजींना "हा". नेहमी अहोजाहो करणारी ताई.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळची वेळ, भाऊजी ऑफिसला गेलेले. ताई खिडकीपाशी बसली होती. सगळं घर लख्ख आवरलेलं. फक्त हॉलमधला त्यांच्या लग्नाचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. पुसताना उलटा लागला असेल, असं मला वाटलं. मी तो सरळ केला.

ताई शांतपणे म्हणाली, "उलटाच राहू दे. ती बाई माझ्या नवऱ्याला चिकटून उभी आहे, मला बघवत नाही."

फोटोत भाऊजींच्या शेजारी ठकीताई होती.

तिच्या डोळ्यांत असं काही पेटलं होतं, की तो फोटो सरळ ठेवायची माझी छाती झाली नाही. मी तो पुन्हा भिंतीकडे फिरवला आणि चहा न घेताच जिना उतरलो.