बाहेर आल्याची वेळ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं काही नाही. माझ्या एलिसेओमामाच्या बाबतीत घडलंय हे. आणि रात्री-बेरात्री नाही... ट्यूसन शहराजवळच्या वाळवंटात, जूनच्या भर उन्हात.

मामा शहरातून एस्पिना दरीपर्यंत सहलीची बस चालवायचा. दरीच्या तोंडाशी लाकडी पेटीत एक वही असते. तिथून पायवाट वर डोंगरात चढते. वर जाताना नाव आणि वेळ लिहायची. परत आलात की पुढे बाहेर आल्याची वेळ. संध्याकाळी रेंजर नॉर्मा वही बघते. एखादी जागा रिकामी असली की माणसं शोधायला वर जातात, आणि ती उतरेपर्यंत शेवटच्या बसने थांबायचं.

त्या रविवारी शेवटची बस मामाची होती, आणि त्याच दिवशी त्याच्या नातीचा पंधरावा वाढदिवस, म्हणजे आमच्यात लग्नाएवढा सोहळा. घरी निखाऱ्यावर मांस चढलेलं, पाहुणे जमलेले.

आणि वहीत एक जागा रिकामी.

ओडेट क्राउस. एकटी. आत, दहा वीस.

लोक विसरतात. दर आठवड्याला कुणीतरी विसरतंच. कुणाच्या तरी गाडीने गेली असेल. मामाने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहून टाकलं... तीन चाळीस.

नॉर्माने वही चाळली. "आज सगळे शहाणे आले होते वाटतं," ती म्हणाली. "पळ आता. नातीबरोबर नाचताना पडू नकोस म्हणजे झालं."

मामा गेला. नाचला.

ओडेट तिसऱ्या दिवशी सापडली, तिच्या बहिणीने फोन केल्यावर. पाय मोडलेला. बाटली कोरडी. गळ्यात शिट्टी. सोमवार दुपारपर्यंत तरी जिवंत असावी, असं डॉक्टर म्हणाले.

मामा कुणाला काही बोलला नाही. वाढदिवसाचे फोटो मात्र त्याने कधीच पाहिले नाहीत.

वर्षाने, जूनच्या त्याच रविवारी, तो सुट्टी टाकून दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसने दरीत गेला. वहीत नाव लिहिलं. आत, दोन वाजता. ओडेट पडली होती तिथे त्याला पाण्याची बाटली ठेवायची होती.

वर वारा नव्हता. पक्षी नाही, सरडा नाही.

बाटली ठेवून तो वळला, आणि...

शिट्टी. तीनदा.

मदतीची खूण. मागे कुणी नव्हतं.

तो चालू लागला. पुन्हा तीनदा... या वेळी कानाशी.

मामा धावत सुटला. पाय दगडांत अडकला आणि मुरगळला. त्याने हाका मारल्या, खूप मारल्या. कुणी आलं नाही. बसत, सरपटत तो खाली पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं, शेवटची बस गेली होती आणि नॉर्मा फाटकाला कुलूप लावत होती.

"तू अजून इथे?" ती म्हणाली. "तू केव्हाच गेलास ना? वहीत आहे की."

तिने वही पुढे धरली. मामाच्या नावापुढे...

तीन चाळीस.

अक्षर मामाचंच.

तो तिथेच खाली बसला. "नॉर्मा, त्या बाईची वेळ मी लिहिली होती."

नॉर्माने वही मिटली.

"त्या दिवशी कुलूप लावताना मी शिट्टी ऐकली होती, एलिसेओ," ती म्हणाली. "वही बघितली. सगळे बाहेर होते. म्हटलं, पक्षी असेल."

मामाने दुसऱ्याच दिवशी बस कंपनीच्या साहेबांना सगळं कळवलं. नोकरी गेली. ओडेटच्या बहिणीला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, आता तरी संपलं.

या जूनमध्ये तो म्हणाला, एकदा दरी दाखव. मी घेऊन गेले. तो गाडीतून उतरला नाही. मी सहज वही उघडली...

त्या दिवसाची तारीख. मामाचं नाव, त्याच्याच अक्षरात. आत, दहा वीस.

पुढची जागा रिकामी.

मामा समोर होता, गाडीच्या काचेआड. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. नॉर्माला फोन करून म्हटलं, माणसं वर पाठव.

"कुणाला शोधायचंय?" तिने विचारलं.

मी वहीतलं नाव वाचून दाखवलं.

त्यांना वर कुणी सापडलं नाही. मामा आता माझ्याकडेच राहतो. जेवतो, झोपतो. पण रोज संध्याकाळी न चुकता विचारतो,

"भरलीस का गं ती जागा?"

"नाही, मामा."

"नको भरूस," तो म्हणतो. "मी अजून आलो नाहीये."