शेपूटताईंचं वय

"तुझ्या दप्तराला रोज गवताचा वास का येतो?"

हा प्रश्न माझा नव्हता. लंबू आणि चष्मिस या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो पाण्याच्या नळापाशी रचला आणि 'हिंमत असेल तर विचारून दाखव' म्हणून माझ्या गळ्यात मारला. मला वर्गात सगळे भोंगा म्हणतात. भोंग्याची हिंमत काढायची म्हणजे काय! गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे, पण ते दिवस गेले. मी तडक शेजारच्या तुकडीत शिरले. तिथे नवीन आलेला तो मुलगा दप्तर मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारून टाकलं.

त्याने वर पाहिलं. मी मारे तयारीने गेले होते, पण त्या एका बघण्याने माझं पुढचं वाक्य कुठेतरी सांडलंच.

"विचारायला पाठवलंय, की स्वतःहून आलीस?"

"पाठवलंय," मी म्हटलं. "पण... आता मलाही उत्तर हवंय."

तो हसला. डावीकडून सुरू होऊन सावकाश उजवीकडे पोचणारं हसू. मग त्याने दप्तराची चेन उघडली. वह्यांना खेटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाळक्या गवताची जुडी!

"साहेबांचं जेवण. शाळेमागच्या तबेल्यातून नेतो."

"कोण साहेब?"

"माझा ससा. पुढ्यात आलेला कागद कुरतडून मंजूर करतो, म्हणून साहेब. परवा माझा भूगोलाचा नकाशा मंजूर झाला."

मी इतक्या मोठ्याने हसले की शिक्षकांच्या खोलीचं दार उघडलं. मैत्रिणींनी त्याच दिवशी त्याचं नाव गवत्या ठेवलं, आणि त्या दिवसापासून माझे पाय शाळा सुटली की आपोआप तबेल्याच्या वाटेला लागायचे. घर उलट्या दिशेला होतं, तरी!

आता माझं दुसरं नाव सांगते, जे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शेपूटताई.

आमचा म्हातारा कुत्रा आजारी पडला होता तेव्हा मी इंटरनेटवर चार दिवस शोधाशोध केली. शंभर ठिकाणी शंभर मतं. डोकं भणभणलं. म्हणून मी कामाच्या तेवढ्या जागा निवडून एक पान बनवलं. कुठला प्राण्यांचा दवाखाना रविवारी उघडा असतो, हरवलेल्या मांजराचा फोटो कुठे टाकायचा, कुंडीतली कुठली झाडं विषारी, कुठल्या संकेतस्थळावर डॉक्टर स्वतः लिहितात. खाली एक चौकट टाकली: 'शेपूटताईंना विचारा.' आणि लोक विचारायला लागले की! प्रश्न मात्र तेच ते. म्हणून मी तयार उत्तरं लिहून ठेवली. खाज, उलटी, गडगडाटाची भीती, भूक नसणं. प्रश्न आला की उत्तर उचलायचं आणि चिकटवायचं. 'ताई, तुमचा अनुभव दांडगा आहे' असं कुणी लिहिलं की मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर.

एकदा तबेल्याच्या कुंपणाला टेकून गवत्या म्हणाला, "तू शेपूटताई वाचतेस का?"

पाणी पीत होते, ते नाकात गेलं. "क... कोण?"

"एक बाई आहेत. पन्नाशीच्या तरी असतील. केसांचा अंबाडा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कडक, पण प्रेमळ."

"तुला काय माहीत?"

"लिहिण्यावरून कळतं गं. 'बाळा, घाबरू नकोस' असं कुणी तरुण माणूस लिहील का? रात्री उशाशी घेऊन वाचतो मी त्यांना."

"इतक्या आवडतात?"

"का, जळतेस?"

"पन्नाशीच्या बाईवर? हॅ!"

पण जळत होते. स्वतःवरच जळणारी मुलगी कधी बघितली आहे का? ती मी. सांगायचं होतं त्याला, खरंच सांगायचं होतं. आधी गंमत वाटली म्हणून नाही सांगितलं, मग उशीर झाला म्हणून. रोज ठरवायचे, उद्या. रोज त्याच्या तोंडून ताईंचं कौतुक ऐकायचे आणि वाटायचं, अजून एक दिवस... उद्या खरं कळलं की हे सगळं बंदच होणार.

मग तो रविवार आला.

चार वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटायचं ठरलं होतं. निमित्त जीवशास्त्राच्या आकृत्यांचं. सकाळी नऊपासून मी कपाट उपसत होते. निळा घातला, काढला. पिवळा घातला, आई म्हणाली, "आकृत्या काढायला चाललीस की लग्नाला?" तोही काढला. तेवढ्यात फोन वाजला. पानावर नवा प्रश्न. वरच्या पट्टीत अर्धंच वाक्य दिसत होतं: 'कालपासून काही खात नाहीये...' एका हातात ओढणी, दुसऱ्या हातात फोन. न उघडताच 'भूक नसणं'वालं उत्तर उचललं आणि चिकटवलं.

'बाळा, घाबरू नकोस. पोट बिघडलं की ते स्वतःच उपास करतात. पाणी ठेव आणि एक दिवस वाट बघ. उगाच दवाखान्याची दगदग नको.'

चार वाजले. सव्वाचार. मी पायऱ्या मोजल्या, अकरा होत्या. साडेचार. पुन्हा मोजल्या, तरी अकराच. समोरून सायकल आली की उठायचे, दुसराच कुणी निघाला की बसायचे. पायाला कसली भिंगरी लागली होती कोण जाणे. वाटलं, कंटाळला मला. वाटलं, दुसरी कुणी भेटली. वाटलं, निळाच घालायला हवा होता...

पावणेपाचला त्याच्या आईच्या फोनवरून निरोप आला. 'येत नाही आज. सॉरी. साहेब कालपासून खात नाहीत, नुसते कोपऱ्यात बसलेत. पण काळजी करू नकोस, ताईंना विचारलं. एक दिवस थांबायला सांगितलंय.'

मी ताडकन उठून उभी राहिले.

प्रश्न आता उघडला. पूर्ण. 'कालपासून काही खात नाहीये आमचा ससा. लेंड्याही टाकल्या नाहीत. त्याला एवढं गप्प कधी बघितलं नाही. ताई, तुम्ही सांगाल ते करेन.' माझं उत्तर कुत्र्यांसाठी लिहिलेलं होतं. मी माझ्याच पानावरच्या, डॉक्टरांनी लिहिलेल्या संकेतस्थळावर गेले. दुनियेला मी ते वाचायला सांगत होते आणि स्वतः सशांचा भाग कधी उघडलाच नव्हता. तिथे ठळक अक्षरांत होतं: ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तर थांबू नका.

मी फोन लावला. उचलला त्याच्या आईने.

"कोण बोलतंय?"

"काकू, मी... शाळेतली... ससा! ससा द्या!"

"काय गं?"

"म्हणजे त्याला द्या! लवकर!"

तो आला. "बोल."

"साहेबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आण. पाण्याच्या टाकीजवळचा रविवारी उघडा असतो. मी तिथे पोचते."

"अगं, पण ताईंनी सांगितलंय—"

"ताई गाढव आहे!"

"ए! तोंड सांभाळ. तुला काय कळतं त्यातलं?"

बोलले नसते तर तो वाद घालत बसला असता. बोलले तर तो माझ्या हातून गेला. एवढाच हिशेब होता, आणि तो करायला मला एक श्वास पुरला.

"ताई मीच आहे. मी तुझा प्रश्न वाचलाच नव्हता. प्लीज, निघ."

मग फोन बंद.

मी पळत पोचले, तोवर काकूंची स्कूटर दवाखान्याच्या दारात होती. गवत्याच्या मांडीवर टॉवेलमध्ये साहेब, डोळे अर्धे मिटलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं, कान लावला, सुई दिली, पातळ खाणं पिचकारीने तोंडात घातलं. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "इतका वेळ थांबलात कुणाच्या सांगण्यावरून?"

"आम्हीच थांबलो," गवत्या म्हणाला.

इतका रागावूनही तो मला झाकत होता!

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं थांबायला. इंटरनेटवर."

"अस्सं. वय काय तुझं?"

"पंधरा."

"मी सव्वीस वर्षं हेच करतेय, तरी हात लावल्याशिवाय बोलत नाही." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "आता बाहेर बसा. याने लेंड्या टाकल्या की समजा पोट चालू झालं. नाही टाकल्या, तर... बघू."

बाहेर एकच बाक. या टोकाला मी, त्या टोकाला तो, मध्ये दवाखान्याच्या टोपलीत टॉवेलसकट साहेब. काकू औषध आणायला गेल्या होत्या. घड्याळाचा काटा हलत होता की नाही, देव जाणे. मी नखं खाल्ली, मग भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक तीनदा वाचलं. शेवटी न राहवून म्हटलं, "शिव्या तरी घाल."

"सुचत नाहीयेत."

"मी सुचवू? मला बऱ्याच येतात."

तो हसला नाही. साहेबांचा टॉवेल सारखा करत म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"तुला त्या आवडायच्या. मी... मी आवडेन का, ते माहीत नव्हतं."

टोपलीत खसफस झाली. आम्ही दोघं एकदम वाकलो, डोक्यावर डोकं आपटलं. टॉवेलवर, वाटाण्याएवढी, गोल, काळीभोर—

"लेंडी!" तो ओरडला.

"लेंडी!" मी किंचाळले. आत कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. पाठोपाठ दुसरी, तिसरी! जगात आजवर कुणी कुणाला इतक्या आनंदाने इतकं घाण काही दाखवलं नसेल. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि माझा हात त्याच्या हातात होता. कधी गेला, कुणी धरला, दोघांनाही माहीत नव्हतं. सोडलाही नाही कुणी.

"राग गेलेला नाही," तो टोपलीकडे बघत म्हणाला.

"नको जाऊ देऊस."

"जाईल हळूहळू. एक सांगू? गेले दोन महिने मला वाटायचं, आपल्याला एकाच वेळी दोघी आवडतात. त्यातली एक पन्नाशीची. फार वाईट वाटायचं गं."

"आणि आता?"

"आता एकच आहे." कानाच्या पाळ्या लालबुंद. "अंबाडा घालू नकोस फक्त."

मी घरी पोचले तेव्हा आई इस्त्री करत होती आणि बाबा कुत्र्याचे केस विंचरत होते. "आल्या का आकृत्या काढून?" आई म्हणाली, आणि माझा अवतार बघून थांबली.

"बसा दोघंही. मला सांगायचंय."

"मी बसलेलोच आहे," बाबा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पान, ताई, ससा, चुकलेलं उत्तर. आईची इस्त्री बाबांच्या शर्टावर तशीच राहिली आणि बाबा "अगं, शर्ट!" म्हणून ओरडले, तरी मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं बोलताच आलं नसतं.

"प्रश्नांची चौकट मी बंद केली. पानावर आता निवडलेल्या जागा फक्त, आणि वर लिहिलंय, हे पान पंधरा वर्षांच्या मुलीने केलंय, डॉक्टरने नाही. दर शनिवारी मी त्या डॉक्टरबाईंकडे जाणार, पिंजरे धुवायला. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. तुम्ही दहावीचं वर्ष म्हणाल, तर पहाटे उठून अभ्यास करेन. आणि तिथे ससा घेऊन एक मुलगा येईल. ससा बरा झाला तरी येईल. तो मला आवडतो. मी आवडते त्यालाही. मला आता काहीच लपवायचं नाहीये, म्हणून लंबूच्या आधी, चष्मिसच्या आधी तुम्हाला सांगतेय. पुढच्या रविवारी त्याला घरी बोलावणार आहे. मी ठरवलंय."