तुळईखालची पिकअप

शेडचं कुलूप तिनं दगडानं फोडलं आणि मग फौजदारबाईंना फोन केला. "माझ्या नवऱ्याची पिकअप सापडलीय. तो नाही."

वर्षापूर्वी तिचा नवरा गाडीसकट नाहीसा झाला होता. बायकोला टाकून पळाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! पण तिन्हीसांजेला घरामागच्या या बंद शेडमधून गाडीचं दार लागल्याचा आवाज यायचा. तिनं तसं सांगितलं की घरचेच तिला वेड्यात काढायचे.

फौजदारबाई आत शिरल्या. मुरमाच्या जमिनीवर पिकअप एका अंगाला जराशी कलून उभी होती. टपावर धुळीचा थर, चालकाची सीट मात्र स्वच्छ. आणि शेडच्या दारावरची तुळई टपापेक्षा चार बोटं खाली. गाडी इथे मावणारच नाही, म्हणून शेड कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

"भावोजी, शेडची किल्ली तुमच्याकडेच होती ना?" तिनं दारात उभ्या दिराला विचारलं.

"होती. पण मी इकडे फिरकलोच नाही, वहिनी. दादानंच आणून लावली असेल. जिवंतपणी म्हणा, नाहीतर..."

फौजदारबाई चाकांशी वाकल्या. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारे बाण होते. पुढचे दोन्ही बाण उलटे, मागे वळलेले.

त्यांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. "हवा सोडून ही आत जाईल?"

"दोन बोटं उतरेल. चार नाही."

"लहान चाकं लावून?"

"जाईल की. माझ्याकडे ढीग आहे लहान चाकांचा. आता मलाच आत टाका."

त्यांनी बाहेर उभ्या दिराच्या ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "त्या ट्रॉलीची चाकं कुठली?"

"याच पिकअपची जुनी. हिला मोठी बसवली, ती तिकडे गेली. दादा गेला त्या सकाळी ट्रॉली विटांवर उभी होती. पंक्चर आहे म्हणाला हा धाकटा, पण माझ्याकडे काही आलं नाही."

फौजदारबाई दिराकडे वळल्या. "ट्रॉलीची चाकं लावून तुम्ही गाडी आत घातलीत. ट्रॉलीवाचून तुमचं काम अडतं, म्हणून मोठी चाकं इथेच परत चढवलीत. घाईत डावं उजवीकडे गेलं. पंक्चरवाल्याच्या हातून बाण उलटे लागले नसते. आणि गाडी कलली, कारण तिच्याखालची जमीन खचलीय. नुसती लपवायची नव्हती, झाकण म्हणून ठेवायची होती."

दिरानं खिशातली किल्ली काढून जमिनीवर ठेवली. "दादा जागा विकू देत नव्हता. मी ढकलला. डोकं आपटलं त्याचं."

"मग रोज येऊन सीटवर का बसायचात?"

"हे दुसऱ्या कुणाला सांगणार? त्यालाच सांगायचो."

ती दिराकडे बघतही नव्हती. तिची नजर गाडीखालच्या मातीवर होती.

"वर्षभर मी त्याला शिव्याशाप दिले," ती म्हणाली. "अंगणात उभी राहून, मोठमोठ्यानं. इथवर ऐकू आलं असेल का हो?"

फौजदारबाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाहेर उन्हात नेलं.