डावं-उजवं

ती खरं तर भांडायला खाली उतरली होती. छापखान्याच्या पहिल्या मजल्यावर बसून दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या, प्रुफं तपासायची, हे तिचं काम. आणि खालच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या गाण्यानं टेबलावरची पेन्सिल घरंगळत होती.

"आवाज कमी करा हो!" ती दारातूनच कडाडली.

"कमीच आहे," तो कारागीर मान वर न करता म्हणाला. "या, बघा."

बटण खरंच जेमतेम फिरवलेलं होतं. पण गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता...

"या जुन्या अँप्लिफायरांचा जोर ओरडण्यासाठी नसतो," त्यानं आता कुठे वर पाहिलं. "हळू बोलतानाही दम लागू नये, म्हणून असतो."

बोलणं हळू, आणि बघणं त्याहून हळू! भांडण तिथेच बारगळलं.

मामानं घर बदलताना दिलेले कपाटाएवढे दोन स्पीकर तिच्याकडे धूळ खात पडले होते. त्यांना पेलेल असा अँप्लिफायर निवडायचा, हे बरं निमित्त मिळालं. रोज चारला, चहाच्या सुट्टीत, ती खाली हजर.

फळीवर तीन होते. जुने, वजनदार, काचेमागे सुया डोलणारे. तो त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचा. दुकानातल्या मोठ्या स्पीकरांपुढे धाकटीला धाप लागायची. मधली आतून किंचित खरखरायची. थोरली तापायला अर्धा तास घ्यायची, पण एकदा लागली की हिच्या हातातला चहा गार होऊन जायचा. बासरी डावीकडून, व्हायोलिन उजवीकडून, आणि मधोमध ते दोघं.

"थोरलीच हवी मला," आठव्या दिवशी ती म्हणाली.

तो घुटमळला. "ती... राखीव आहे."

थोरलीच्या कपाळावर चिठ्ठी होती. राखिव. काल नव्हती ही!

"कोणासाठी?"

"आहे... कोणीतरी," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिनं पेन्सिल काढली, 'खि'ची वेलांटी दीर्घ केली आणि पाय आपटत वर गेली. त्या दिवशी तिच्या प्रुफांत चार चुका तशाच राहिल्या.

ते कोणीतरी दुसऱ्याच दिवशी अवतरलं. कोपऱ्यावरची दातांची डॉक्टरीण. उंच, हसरी, दात मोत्यासारखे. असणारच म्हणा, धंद्याचाच माल!

"डॉक्टरीणबाईंचा कान मोठा पक्का आहे हं," तो कौतुकानं म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज येऊन बसणारी मी, आणि कान पक्का हिचा?

"उद्या चारला येते, थोरलीही ऐकून बघते," डॉक्टरीण म्हणाली.

चारला! तिची वेळसुद्धा हिनं घ्यायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या नळावर डबा धुवायला गेला होता. थोरली अजून बंद होती. ती मांजराच्या पावलांनी आत शिरली आणि स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. बघूच, किती पक्का आहे तो कान.

चार वाजले. तबकडी फिरली. बासरी उजवीकडून आली.

"वा! अगदी समोर बसून वाजवल्यासारखं!" डॉक्टरीण म्हणाली.

इकडे तिच्या मनात लाडू फुटले. पण पहिल्याच सुराला त्याचा हात हवेत थांबला होता. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग थेट तिच्याकडे... तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पण माझं धाकटीवर भागेल," डॉक्टरीण उठली. "बाहेर बसलेल्यांना आतलं ड्रिल ऐकू आलं नाही की झालं. आमचे मिस्टर येऊन नेतील."

डॉक्टरीण गेली. दुकानात ती, तो आणि थोरली.

"तारा कोणी बदलल्या?"

"मला काय माहीत?"

"या दुकानात डावं-उजवं कळणारी माणसं दोनच," तो म्हणाला. "मी नाही बदलल्या."

"बदलल्या मी! जा!" ती उसळली. "तुम्हीच म्हणालात ना, तिचा कान पक्का?"

"गिऱ्हाइकाला म्हणावं लागतं तसं. तुम्हाला कधी म्हणालो?"

"नाही ना! एकदासुद्धा नाही!"

"कारण तुम्हाला... गिऱ्हाईक समजलोच नाही मी."

तिला आता कुठे बघावं कळेना. म्हणून ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "मग ही राखीव कोणासाठी?"

"तुम्ही थोरलीच मागणार, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं," त्यानं चिठ्ठी हळूच सोडवून तिच्या हातात दिली. "ती तुमच्या घरी गेली की चारला तुम्ही कशाला खाली याल... म्हणून लावली."

दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या तिनं एक वेलांटी तेवढी सुधारली होती. वाचायचं होतं ते राहूनच गेलं होतं.

"शहाणेच आहात," ती पुटपुटली. "तारा जोडायला घरी कोण येणार? आणि डावं-उजवं तपासायला... रोजच कोणीतरी लागेल की."

रविवारी थोरली घरी आली. आईनं एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि "चहा टाकते," म्हणून चहाला लागेल त्याच्या तिप्पट वेळ आत काढला. त्यानं तारा जोडल्या आणि स्पीकरांसमोर मधोमध एक खुर्ची ठेवली.

"दोन्ही बाजू सारख्या ऐकू येणारी जागा एकच असते. बसा."

"आणि तुम्ही?"

"मी इथे, कडेला. सवय आहे मला."

तिनं आपली खुर्ची जराशी सरकवली, दुसरी ओढून तिला चिकटवली. तो बसला. बासरी डावीकडून आली, बरोबर डावीकडून. त्याचा हात नकळत शेजारी ठेवलेल्या थोरलीच्या उबदार पाठीवर गेला आणि मायेनं फिरू लागला.

"तिच्यावरचा हात काढा आधी," ती म्हणाली.

तो दचकला, मग हसला. "मग ठेवू कुठे?"

तिनं आपला तळहात त्याच्यासमोर उघडला.

"इथे. राखीव आहे... आणि वेलांटी दीर्घ आहे हं!"