कुशाबाचा तिसरा हात

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने लालबागला यावं. मी स्वतः लिफ्टमध्ये बसवून चौदाव्या मजल्यावर नेते आणि ती खोली दाखवते. मग बाहेर येऊन हसून दाखवावं.

माझी सख्खी धाकटी बहीण कमल. तिच्या घरी घडलेलं आहे हे. गेल्या श्रावणात.

आणि रात्री नाही हो. भुतं रात्रीच येतात असं सांगणाऱ्यांना दुपार ठाऊक नाही. जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, माणसं कामावर. दोनचा सुमार. तेव्हा घर कसं होतं ते बाईमाणसालाच विचारावं.

कमलची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. चाळीत भूत शिरलं असतं तर पहिल्या जिन्यावरच कोणीतरी अडवलं असतं, "कोणाकडे आलात?" टॉवरमध्ये कोण विचारतंय? सगळी दारं बंद.

कमलचं तोंड मोठं. आमच्या घराण्यातच आहे ते. चाळीत असताना कोणाचा नवरा कुठे जातो ते तिला पाठ होतं, आणि नळावर ती ते ऐकवायचीसुद्धा. शेवटी पदर खोचून म्हणायची, "आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्या बाईकडे मान वर करून बघितलं नाही." बायका गप्प बसायच्या. कारण ते खरंच होतं. निदान आम्हाला तरी तसं वाटत होतं.

तिचा नवरा कुशाबा. मिलमध्ये फिटर होता. तोंडात मूग, पण हातात विद्या. मिल बंद पडली, मग एका छापखान्यात मशिनी दुरुस्त केल्या, मग तेही सुटलं. म्हातारपणी रोज जेवल्यावर मंडळाच्या ऑफिसात कॅरम खेळायला जायचा. आणि सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर तो हात घेऊन बसायचा.

यंत्राचा हात. त्यांची मुलगी श्रेया त्याला रोबोटिक आर्म म्हणायची. खांदा, कोपर, मनगट आणि पुढे चिमट्यासारखी दोन बोटं. मोबाइलवर बघून बघून करायला घेतलेला. मोटारी लॅमिंग्टन रोडवरच्या, स्वस्तातल्या. स्टेपर मोटर म्हणतात. ती सरळ फिरत नाही, पावलापावलाने फिरते. म्हणून हात हलला की...

टक. टक. टक.

प्रत्येक पावलाला झटका. आणि कुशाबाला तो झटका सहन व्हायचा नाही. दातेरी पट्टे लावले, मागे वजन बांधून तोल साधला, मोटारीची पावलं बारीक बारीक करत नेली. तरी थोडा राहायचाच.

"पाणी देणार का हा मला?" कमल विचारायची.

"नाय."

"भाकऱ्या थापणार?"

"नाय गो."

"देवाने दोन दिले, त्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही. आता हा तिसरा कशाला?"

"झटका जाऊक व्हयो," एवढंच तो म्हणायचा. चिडला किंवा हळवा झाला की गावची बोली यायची त्याच्या तोंडात.

"अहो, पण तुमचा झटका लागतोय कोणाला?"

त्यावर तो स्क्रू पिळत बसायचा.

मे महिन्यात कुशाबा गेला. भर दुपारी, रस्त्यात, कॉटन ग्रीन स्टेशनच्या बाहेर. छातीत कळ आली आणि बसला तो बसलाच. कॅरम खेळायला गेलेला माणूस कॉटन ग्रीनला कसा, हा प्रश्न कमलला पडला होता. पण उत्तरही तिनेच दिलं, "मोटारींचं काहीतरी आणायला गेले असतील." रडण्याच्या भरात कोण खोदून विचारतंय?

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर होतो. पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. श्रेयाने हात जोडले, आईला सांभाळीन म्हणाली. कावळा ढिम्म. माझ्या नवऱ्याने गावच्या घराचं वचन दिलं. ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा कमल पुढे आली.

"तुमच्या हातचं जे अर्धं राहिलंय, ते मी पुरं करून घेईन. जा आता."

आणि कावळा उतरला.

ती किती ताठ मानेने माझ्याकडे बघत होती, सांगते! नवरा अडला होता तो तिच्या शब्दासाठी. अर्धं राहिलेलं म्हणजे तो हात, दुसरं काय असणार?

घरी येऊन तिने श्रेयाच्या मागे लकडा लावला. श्रेया इंजिनिअर, लोअर परळला ऑफिस. पण हा विषय निघाला की ती तोंड फिरवायची.

"आई, राहू दे ना ते. कशाला?"

"कावळ्याला शब्द दिलाय. तुझ्या ऑफिसातल्या साहेबाला नाही, उद्यावर ढकलायला."

शेवटी श्रेया बसली. वायरी जोडल्या, मनगटाची राहिलेली मोटर लावली. हात हलला. पण झटका तसाच. टक, टक, टक. वैतागून तिने प्लग काढला आणि म्हणाली, "मोटारीच स्वस्तातल्या आहेत. ह्याहून मऊ नाही चालणार."

ते रविवारी. सोमवारी दुपारी कमल जमिनीवर आडवी झाली होती. श्रावणी सोमवार, उपास. डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने नाही. आवाज गेल्याने. पंखा चालू होता, पण ऐकू येईना. खालचे हॉर्न नाहीत, शेजारचा टीव्ही नाही. कानात कापूस घालावा तसं.

तिने मान वळवली आणि...

हात हलत होता.

टक नाही, टिक नाही. लोण्यातून सुरी जावी तसा. वर जायचा, थोडा पुढे व्हायचा, मग सावकाश, सरळ, लांबच लांब खाली यायचा. मध्येच थांबायचा. जरासा हलायचा, गाठ सोडवल्यासारखा. पुन्हा खाली.

प्लग जमिनीवर पडलेला होता.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. कमलने काय केलं? उठून बसली आणि म्हणाली, "अहो, आलात?"

हात थांबला नाही.

त्यानंतर रोज. दोनच्या सुमारास घरातला आवाज जायचा आणि हात हलायला लागायचा. मला फोन आला, "ताई, हे परत आलेत." मी म्हटलं, उपास सोड, डोक्यात वारं गेलंय. तिने फोन आपटला.

हात काय करतोय हे तिला कळेना. रंग देतोय म्हणावं तर तसा नाही, मशीन पुसतोय म्हणावं तर तसाही नाही. तिने त्या दोन बोटांत चमचा दिला. खाली पडला. फडकं दिलं. पडलं. पेचकस दिला, जो त्याने आयुष्यभर धरला, तोही पडला.

मग काय मनात आलं कोण जाणे, तिने आरशाजवळचा कंगवा उचलून पुढे केला.

बोटं... मिटली.

माझी बहीण लाजली हो. पासष्टीची बाई! मला सांगताना तिचा आवाज बदलला होता. "ताई, जिवंत असताना कधी पाठीवरून हात फिरवला नाही. संकोची माणूस. आता बघ, माझी वेणी घालायला आलेत." जन्मभर पाट्यावर वाटण वाटलं, त्याचं फळ मिळालं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शिकेकाईने न्हाऊन घेतलं. धुतलेलं पातळ नेसली. केस मोकळे सोडले, होते तेवढे. पातळ, मानेपर्यंत आलेले. हाताकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि दोन वाजायची वाट बघत राहिली.

पंख्याचा आवाज गेला.

कंगव्याचे दात डोक्याला लागले. इतके हळू, की तिने डोळे मिटले. पहिल्यांदाच कोणीतरी तिचे केस असे विंचरत होतं. कंगवा खाली आला. मानेपाशी आला. केस संपले.

कंगवा... खाली जातच राहिला.

पाठीवरून, कमरेवरून, रिकाम्या हवेतून. जिथे केस नव्हतेच तिथून. मग थांबला. दोन थंड बोटं वर आली आणि चाचपायला लागली. कान. गाल. मानेवरचा जन्मखुणेचा तीळ. आंधळा माणूस चाचपतो तशी.

तीळ सापडला आणि बोटं मागे सरली.

टक.

टक.

टक.

झटके देत, ओढत हात मागे गेला. कंगवा जमिनीवर टाकून दिला. अंगाला विंचू लागल्यासारखा.

कमल तशीच बसून राहिली. संध्याकाळी श्रेया आली तेव्हा घरात दिवासुद्धा लागला नव्हता.

"श्रेया, कमरेखाली केस कोणाचे आहेत?"

श्रेयाच्या खांद्यावरची बॅग खाली आली. "कसले केस?"

"माझ्याशी नाटकं नकोत. तुझा बाप कोणाचे केस विंचरायचा?"

पोरगी भिंतीला टेकली. म्हणाली, "कालिंदीमावशी. कॉटन ग्रीनची. मिलमध्ये होती, वाइंडिंग खात्यात."

"मावशी? माझी बहीण परळला राहते. ही कुठली मावशी?"

"आई, तिचे हात गेलेत गं. संधिवात. बोटं वळून बसलीत. बाबा रोज दुपारी जाऊन तिची वेणी घालायचे. आपल्या माघारी कोण घालणार, म्हणून तो हात... झटका लागला तर केस ओढले जातात, म्हणून."

"तुला कधीपासून माहीत?"

"बाबांनी शपथ घातली होती."

"त्यांनी शपथ घातली. आणि मी तुला नऊ महिने पोटात वाढवलं, त्याचं काय?"

त्या दिवसापासून कमलने लेकीच्या हातचा चहा घेणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, श्रेयाकडून पत्ता काढून, ती मला घेऊन कॉटन ग्रीनला निघाली. भांडायला साक्षीदार लागतो. टॅक्सीत पदर खोचूनच बसली. मला वाटलं, आज त्या बाईची धडगत नाही.

जुनी चाळ, तळमजला, कोपऱ्यातली खोली. दार उघडंच. आत एक म्हातारी पाटावर बसलेली, आमच्याकडे तोंड करून. वाकडी बोटं मांडीवर. आणि केस... पांढरेशुभ्र, मागे जमिनीपर्यंत पसरलेले.

कमलने तोंड उघडलं.

"थांबा वहिनी," ती बाई हळूच म्हणाली. "व्हायचंय अजून."

आणि माझ्या ह्या डोळ्यांनी मी पाहिलं. तिच्या मागे कोणी नव्हतं. भिंत आणि घागर. पण एक बट उचलली गेली... सरळ झाली... मध्ये अडली, जराशी हलली, गाठ सुटली... आणि खालपर्यंत गेली. झटका म्हणून नाही.

मी दाराची चौकट धरली. कमल मात्र बघत राहिली. वेणी तीन पदरांनी आपोआप पडत गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"श्रावणी सोमवारपासून. तुम्हीच पाठवलंत ना? फार उपकार झाले, वहिनी. काल मात्र अर्ध्यातच थांबले. म्हटलं, काही चुकलं की काय."

"मागे वळून बघितलंस कधी?"

"नाही हो. वळले आणि कोणी नसलं तर?"

कमल फटकन मागे फिरली. 

घरी आल्यावर तिने कात्री घेतली. मी म्हटलं, "कमल, कावळ्याला शब्द दिलायस." ती म्हणाली, "मलाही अग्नीसमोर दिला होता." आणि एक एक पट्टा कापला. दातेरी पट्टे, कच कच. मोटारी उपटल्या. हात टेबलावर लुळा पडला. तिने त्यावर चादर टाकली.

त्यानंतर दुपारी घरातला आवाज कधी गेला नाही. पंखा फिरत राहिला.

तरी ती रोज दोन वाजता केस सोडायची. स्टूल ओढून, चादरीकडे पाठ करून बसायची. मी जाऊन बघून आले. "कमल, हे काय?" तर म्हणाली, "वारं लागतं इथे." खिडकी बंद होती.

मग एके दिवशी तिने माझा हात धरला. "ताई, तू एकदा जाऊन ये तिच्याकडे. बघ, अजून येतात का. आले नसतील तर सुटले म्हणायचं. मग मी उठेन इथून."

मी गेले. जायला नको होतं.

सकाळचे दहा वाजले होते, दुपारसुद्धा नव्हती. कालिंदी पाटावर बसलेली. वेणी घातलेली, अंबाडा बांधलेला, त्यात अबोलीची फुलं. समोर पेजेची वाटी होती. चमचा तिच्या तोंडाजवळ होता.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी उंबऱ्यातच थांबले. घोट गिळून ती माझ्याकडे बघून हसली. नव्या नवरीसारखी.

"कमलवहिनींना सांगा," ती म्हणाली, "आधी दुपारचेच यायचे. पट्टे कापल्यापासून... जातच नाहीत."

पट्टे कापल्याचं तिला कोणी सांगितलं, हे विचारायला मी थांबले नाही. चपला हातात घेऊन चाळीबाहेर आले.

लालबागला कमल तशीच बसलेली. केस मोकळे. मी आत आले तरी तिने मान वळवली नाही.

"येतात?"

 जिच्यापुढे मी उभ्या आयुष्यात शब्द गिळला नाही, तिला मी म्हटलं, "खोलीला कुलूप होतं गं. गावी गेली म्हणे ती. काही नाही तिथे."

 कमलने दोन्ही हात मागे नेले, तेवढ्याशा केसांची गाठ मारली आणि चहा टाकायला उठली. दोन कप. एक श्रेयासाठी झाकून ठेवला.

माझं खोटं तिला कळलं की नाही, देव जाणे. मी विचारलेलं नाही आणि तीही बोललेली नाही.

पण त्या दिवसापासून दोनचा सुमार झाला की मी माझ्या घरात कुठेही असले, तरी पाठ भिंतीला लावूनच बसते.