टॉलफसनच्या कोपऱ्यावरची पाटी

"बाई, माझ्या जमिनीत काय ठोकताय?"

रोझान कुबियाकचा हातोडा हवेतच थांबला. पाऊस बारीक पडत होता, बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते, आणि पाटीचा लोखंडी पाय तिसऱ्या घावालाही जमिनीत शिरायला तयार नव्हता. त्यात हा माणूस! कुंपणाला रेलून उभा, टोपीवरून पाणी निथळतंय, आणि चेहऱ्यावर मात्र जत्रेला आल्यासारखा आनंद.

"ही रस्त्याची हद्द आहे," ती म्हणाली.

"रस्त्याची हद्द मध्यापासून तेहतीस फूट. तुम्ही पस्तिसाव्या फुटावर उभ्या आहात."

"मला कायदा शिकवू नका. मी या राज्यात दोन वेळा आमदार होते."

"माहितीये. हा कायदा तुम्हीच आणलात."

आणि तो खरंच रस्त्याच्या मधोमध जाऊन बुटाला बूट लावत मोजत आला. पस्तीसच भरले. रोझाननं दातओठ खात पाटी उपटली. 'रोझान कुबियाक – काँग्रेससाठी', म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी. उडालेला चिखल नेमका तिच्याच गालावर बसला. त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला. रुमालाला गोठ्याचा वास होता. तो घेताना बोटांना बोटं लागली आणि तिला उगाचच आणखी राग आला.

"परवानगी तरी द्या," ती गाल पुसत म्हणाली. "एकच पाटी."

"नाही जमायचं. या कोपऱ्यावर फक्त घरच्या माणसाचं नाव लागतं. आजोबांचा नियम आहे."

त्यानं 'टॉलफसन' लिहिलेल्या टपालपेटीच्या खांबाकडे बोट केलं. वरपासून खालपर्यंत रंगवलेली नावं होती. आजोबा, आजी, वडील, आई, आणि सगळ्यात खाली त्याचं एकट्याचं, नेल्स. त्याखालची जागा कोरी होती.

गाडीत रोझानची मार्ज आत्या वाट बघत होती. प्रचाराची सगळी सूत्रं तिच्या हातात होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अगं, चीजचा कारखाना, चर्च, शाळा, कुठेही जायचं तर माणूस याच कोपऱ्यावरून जातो. इथे पाटी लागली तर खासदारकी खिशात! पुन्हा जा. गोड बोल."

"मला गोड बोलता येत नाही, आत्या."

"म्हणूनच तर तू माजी आहेस."

ते मात्र खरं होतं. दोन छोट्या शाळा एकत्र करायच्या बाजूनं तिनं मत दिलं होतं, तोंडावर खरं बोलली होती, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला घरी बसवलं होतं. आता ती वॉशिंग्टनच्या काँग्रेसला उभी होती. या वेळीही हरली तर पुन्हा तिला कुणी विचारणार नाही, हे पक्षातले लोक तिला हसतहसत सांगून गेले होते.

म्हणून ती दर गुरुवारी त्या कोपऱ्यावर जाऊ लागली. केवळ पाटीसाठी. असं ती आत्याला सांगायची. स्वतःलाही सांगायची.

"आल्या का माजी आमदारबाई?" नेल्स गोठ्यातून ओरडायचा. "पाटी नाही. चीज आहे."

चीज त्या दिवशीचंच असायचं, दाताखाली चुंईचुंई वाजणारं. ती उलट्या बादलीवर बसून खायची आणि वाद घालायची. दुधाच्या भावावर तिनं दिलेलं भाषण त्यानं एकदा गायींसमोर म्हणून दाखवलं.

"बघा, एकीनंही मान हलवली नाही."

"त्यांना मत नसतं."

"दूध असतं ना. तुम्ही म्हणालात, शेतकऱ्याला आधार देऊ. कसला आधार? कुबडी?"

ती रागानं लाल झाली. घरी जाऊन तिनं भाषण फाडलं, नव्यानं लिहिलं, आणि पुढच्या सभेत पहिल्यांदाच टाळ्या अर्ध्यावर न थांबता वाजल्या. याचं श्रेय त्याला द्यायचं नाही असं तिनं पक्कं ठरवलं. गुरुवारी जाताच तिनं ते देऊन टाकलं.

ऑक्टोबरात तिच्या गाडीचा काच पुसायचा दांडा मोडला, तर नेल्सनं न विचारता बसवून दिला. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत असते. तिथे ती दारात उभी राहून प्रत्येकाशी हात मिळवत होती. नेल्सनं हात धरला तो सोडेचना.

"हात सोडा," ती ओठ न हलवता पुटपुटली. "मागे रांग आहे."

"मला घाई नाही."

"मला आहे! सगळे बघतायत."

"बघू देत की... तुमचं नाव तरी लक्षात राहील."

मागे मार्ज आत्या मोठ्यानं खोकली. रोझानचे कान तापले. त्या रात्री... नाही, पुढचे चारही दिवस तिला तो खरखरीत तळवा आठवत राहिला, आणि आपण उमेदवार आहोत की शाळकरी पोर, असा वैताग येत राहिला.

शेवटच्या गुरुवारी पाऊस जोराचा होता. गोठ्याच्या पत्र्यावर एवढा आवाज, की दोघांना जवळजवळ उभं राहून बोलावं लागलं.

"शेवटचं विचारते. पाटी?"

त्याचं हसू या वेळी आलं नाही. "पाटी लावली... तर तुम्ही पुढच्या गुरुवारी याल?"

"पुढच्या गुरुवारी निवडणूक होऊन गेलेली असेल."

"तेच विचारतोय."

ती कोटाची बटणं लावू लागली. येईन म्हटलं असतं, तर ते पाटीसाठी म्हटल्यासारखं झालं असतं. नाही म्हणणं तर तिच्या जिवावर येत होतं. "तुम्ही ना... अत्यंत त्रासदायक मतदार आहात," एवढंच बोलून ती पावसात निघाली. गाडीत बसल्यावर ती रडली आणि आत्यानं आपला रुमाल तिच्या मांडीवर टाकला.

मंगळवारी ती आठशे बारा मतांनी हरली.

विजयी उमेदवाराला फोन करून अभिनंदन करायचं असतं, तिनं केलं. कार्यकर्त्यांना मिठ्या मारायच्या असतात, मारल्या. आणि हरलेल्यानंही आपल्या पाट्या सात दिवसांत उतरवायच्या असतात. हासुद्धा तिचाच कायदा. गुरुवारी सकाळी ती आणि आत्या गाडी घेऊन निघाल्या. प्रत्येक कोपऱ्यावर स्वतःचंच नाव उपटायचं आणि मागे टाकायचं. दुपारपर्यंत मागची सीट नावानं भरली. पुन्हा पाऊस लागला होता.

टॉलफसनच्या कोपऱ्यावर आत्यानं करकचून ब्रेक दाबला.

कुंपणाच्या आत, टपालपेटीच्या शेजारी, तिच्या प्रचाराचीच एक पाटी उभी होती.

रोझान दार उघडं टाकून धावली. "आत्ता? नेल्स टॉलफसन! आत्ता?"

तो गोठ्याच्या दारातून आला, हात पुसत. "आज गुरुवार आहे."

"दोन महिने चिखल तुडवला मी! आठशे बारा मतं, नेल्स! आठशे बारा! आणि तू मतं मोजून झाल्यावर पाटी लावतोस?"

"मत तुलाच दिलं होतं."

"मग आधी का नाही लावलीस?"

"आधी लावली असती तर लोक म्हणाले असते, हिनं कोपऱ्यासाठी त्याला नादी लावलं. आणि..." तो थांबला. "मलाही तसंच वाटत राहिलं असतं. आयुष्यभर."

"ही काढावी लागेल. सात दिवसांत. कायदा आहे."

"तो निवडणुकीच्या पाट्यांना. नीट वाच."

तिनं पापण्यांवरचं पाणी पुसलं आणि वाचलं. 'काँग्रेससाठी' यावर त्यानं पांढरा रंग मारला होता. 'कुबियाक'वरही. उरलं होतं फक्त 'रोझान'. टपालपेटीच्या खांबावरच्या नावांसारखंच, त्याच्या नावाच्या जरा खाली.

इथे फक्त घरच्या माणसाचं नाव लागतं.

तिनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि ती गर्रकन वळली. "मला न विचारता?"

"पहिल्या दिवशी तू तरी कुठे विचारलं होतंस?"

"आडनाव का पुसलंस? मी कुबियाकच राहणार आहे."

"मी पुन्हा लिहीन."

"आणि मी पुन्हा उभी राहणार. दोन वर्षांनी. वॉशिंग्टनला गेले तर?"

"तर गुरुवारी ये. गायींना भाषणाची सवय लागलीये."

ती हसली. हसताना रडली, आणि मग त्याच्या ओल्या कोटात तोंड खुपसून दोन्ही एकदमच करत राहिली. कोटाला गोठ्याचा वास होता. सप्टेंबरपासून हाच वास ती विसरायचा प्रयत्न करत होती.

"लवकर आटपा गं!" आत्या गाडीतून ओरडली. "अजून बारा गावं बाकी आहेत!"

रोझाननं डोळे पुसले आणि पाटीकडे पाहिलं. ती डावीकडे चांगलीच कलली होती.

"एवढंही सरळ ठोकता येत नाही तुला?" ती म्हणाली. गाडीतून आपला हातोडा आणला, आणि या वेळी पस्तिसाव्या फुटाच्याही आत उभी राहून तिनं स्वतःच्या हातानं ती पाटी घट्ट ठोकली.