ए प्लस प्लसची थंडी

"आमच्या खिडक्यांची काच चोरली हो!" म्हातारा इडवाल फोनवर ओरडत होता.

काच जागेवर होती. ग्राहक तक्रार खात्याच्या मेरेरिदने आल्या आल्या ती बोटाने वाजवून पाहिली. वेल्सच्या त्या दरीत भर दुपारी दिवा लावून इडवालच्या बायकोने, आयर्वेनने, चहा ओतला. अंगणातलं दहिवर अजून पांढरंच होतं. दर घोटामागे आयर्वेनला खोकला येत होता.

"खिडक्या बसवणाऱ्या त्या गेथिनने साधी काच लावली आणि वर सगळ्यात वरच्या दर्जाची, ए प्लस प्लसची पट्टी डकवली," इडवाल म्हणाला. "सगळी पुंजी घातली, पोरी. खोली तरी बर्फ! हिची छाती अशीच राहिली तर हिवाळाभर वृद्धाश्रमात पाठवा म्हणतात डॉक्टर. तू चोरी सिद्ध कर, म्हणजे तो खिडक्या बदलून देईल."

मेरेरिदने काचेसमोर लायटर पेटवला. खिडकीच्या दुहेरी काचेत चार ज्योती दिसल्या. तीन पिवळ्या, एक गुलाबीसर.

"ही गुलाबी म्हणजे ऊब बाहेर जाऊ न देणारा लेप आहे. काच अस्सल आहे."

मग तिने ज्योत चौकटीच्या कडांवरून फिरवली. ती हललीसुद्धा नाही, म्हणजे फटीतून वाराही येत नव्हता.

"मग पट्टी खोटी!"

"पट्टीही खरी आहे. गेथिनने दुसऱ्या खिडक्या दाखवल्या होत्या?"

"दाखवल्या की. तीन काचांच्या, त्याच भावाच्या. त्याच घ्या म्हणून मागेच लागला होता. पण त्यांना नुसतं ए! म्हटलं, गड्या, मला काय खुळा समजतोस?"

"म्हणून नाकारल्या?"

"हिच्यासाठी घेत होतो ना. हिला कमी प्रतीचं कशाला?"

मेरेरिदला चोर सापडला, आणि नको तिथे सापडला.

"घरावर ऊन कधी येतं, काका?"

"मार्चमध्ये. तोवर डोंगर सोडतोय कुठे!"

"मग ऐका. ते अक्षर नुसत्या ऊब राखण्याचं नाही. खिडकी जेवढी ऊब बाहेर घालवते ती वजा, उन्हातून जेवढी आत आणते ती अधिक. तुमच्या खिडकीचे वरचे गुण उन्हाचे आहेत. ऊन धरलंय सगळ्या देशाच्या सरासरीचं, तुमच्या अंगणातलं नाही. तीन काचांची खिडकी ऊन कमी घेते, म्हणून तिचं अक्षर खालचं. पण घरातली ऊब तीच जास्त राखते. पट्टीवर दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेत."

"म्हणजे गेथिन..."

"गेथिनने बरोबर तेच सांगितलं होतं. निवड तुमची."

इडवालने चष्मा लावून पट्टीवरचे आकडे वाचले.

"लग्नाच्या वेळीही हा नुसत्या चेहऱ्यावर भाळला होता," आयर्वेन हसली आणि खोकत राहिली. "जाऊ दे रे. आश्रमातला टीव्ही मोठा आहे म्हणे. मार्चमध्ये येईन की परत."

मेरेरिदला फार वाईट वाटलं. या नुकसानीला कुठलंच कलम लागत नव्हतं. तिने हातमोजे चढवले.

इडवाल दारापर्यंत आला. "चोर निघाला असता तर बरं झालं असतं, पोरी."

मेरेरिदलाही मनापासून तेच वाटत होतं.